तेवीस वेळा मन

नव्या बाई कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. डोळ्यांपुढच्या शंभर गोष्टींतून मन नेमकं काय उचलतं, काय सोडतं आणि सोडलेल्याच्या जागी काय दडपून देतं, हा त्यांचा विषय. पण आठवडाभर त्यांचं स्वतःचं मन एकच गोष्ट चघळत होतं. सोमवारी प्राचार्य तास बघायला येणार होते. तास आवडला तर नोकरी कायम, नाहीतर नारळ.

म्हणून बाईंनी प्रयोग योजला. मुलांनी कान देऊन आपलं बोलणं ऐकायचं आणि ‘मन’ हा शब्द किती वेळा आला ते मोजायचं. तेवढ्यात शिपाईकाका पुढच्या दारातून येऊन मागच्या दारातून बाहेर जातील. मोजणाऱ्यांना ते दिसणारच नाहीत.

“नुसतं चालायचं?” काकांनी नाराजीने विचारलं.

“जरा विचित्र दिसा म्हणजे झालं,” बाई म्हणाल्या. काकांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी एवढी मोकळीक दिली होती.

सोमवारी काका अवतरले ते बायकोचा लाल रेनकोट घालून, एका हातात उघडी छत्री आणि बगलेत ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ. बाईंनी तिकडे बघायचं नाही असं ठरवलंच होतं. त्यांची नजर मागच्या दाराला लागून बसलेल्या प्राचार्यांच्या पेनावर खिळली होती. पेन भराभर रेघोट्या मारत होतं.

तास संपवून, पेनावरची नजर न हलवता त्यांनी विचारलं, “मन किती वेळा?”

मुलं एकमेकांची तोंडं बघू लागली. मागून खणखणीत आवाज आला, “तेवीस.”

“बरोबर, सर. आणि मधे कुणी आलं होतं?”

“काका,” मुलं एका सुरात म्हणाली. ज्यांनी मोजायचे कष्टच घेतले नव्हते त्यांना काका दिसणारच की. प्रयोग चारी मुंड्या चीत झाला होता.

“मीही बघितलं,” प्राचार्य म्हणाले. हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. “नेहमीच्या खाकी कपड्यांत होता. हातात रजिस्टर.”

मुलं खो खो हसली. प्राचार्यांचे कान तांबडे झाले. आता गप्प बसावं, नोकरी वाचेल, हे बाईंना कळत होतं. पण जीभ शिक्षिकेची पडली.

“सर, काका लाल रेनकोटात होते. तुम्ही खोटं बोलत नाही आहात. मन रिकामी जागा ठेवत नाही, रोजचं चित्र आणून तिथे बसवतं. जो जीव लावून मोजतो, तोच फसतो.”

प्राचार्य काही बोलणार, एवढ्यात मागच्या दारातून छत्री आत आली आणि तिच्यामागून काका.

“मॅडम, पोरांना परत पाठवू का? मी निघालो तशी माझ्यामागून निघाली. मला वाटलं, हेही प्रयोगातच असेल. एकेचाळीस आहेत, कँटीनमधल्या खुर्च्या संपल्या.”

बाईंनी बाकांकडे नजर टाकली. पन्नासातली नऊ मुलं उरली होती. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती अशी.

“तुम्हाला एकही जाताना दिसला नाही?” प्राचार्यांनी विचारलं.

“नाही सर. मी तुमच्या पेनाकडे बघत होते.”

प्राचार्यांनी शेजारचं दार बघितलं. मग दार आणि आपलं कोपर यांतलं अंतर बघितलं. ते जेमतेम वीतभर होतं.

“तीस वर्षं मी तास बघतोय,” ते सावकाश म्हणाले, “आणि पहिल्या दहा मिनिटांत मला डुलकी लागते. आज मोजण्यात असा गुंतलो, की माझ्या कोपराला घासून एकेचाळीस पोरं गेली आणि मला पत्ता नाही.”

त्यांनी फॉर्म पुढे ओढला, नोकरी कायम करण्याच्या रकान्यात सही ठोकली आणि खाली, ‘तासात लक्ष असलेले विद्यार्थी’ या ओळीपुढे, ठसठशीत अक्षरात लिहिलं: एक.