वडिलांच्या नंबराची चौकट

मित्रांनो, कागदाचा नसलो तरी मी एक जुना अर्ज आहे. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत प्रवेश हवा असेल, तर मला मोबाईलवर भरावं लागतं. मला घडीभर चैन नाही. सारखं कोणीतरी माझ्यात अडकलेलं असतं.

माझ्या उद्घाटनाला सभागृह भरलं होतं. मला बनवणाऱ्या इंजिनिअरने मोठ्या पडद्यावर मला भरून दाखवलं. ‘वडिलांचा मोबाईल’ या चौकटीत त्याने नंबर टाकला. पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या वडिलांनी फोनवर आलेला कोड ऐटीत वाचला. टाळ्या पडल्या. “किती सुटसुटीत!” शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले. मीही फुशारलो. नंतर त्या मंडळींपैकी माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

यंदा शेवटच्या दिवशी एक शिवणकाम करणारी आई मला भरत होती. मुलगी मशीनला टेकून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. नवरा वारलेला. तिने वडिलांच्या नंबराची चौकट रिकामी ठेवली, तर मी लाल झालो. स्वतःचाच नंबर टाकला, तर ‘हा नंबर आधीच दिला आहे’ म्हणालो.

“अरे, माणूसच नाही तर नंबर कुठून आणू?” ती खेकसली. तिचं बरोबरच होतं. शेवटी तिने नवऱ्याचा पाठ असलेला नंबर टाकला. कोड गेला. कोणाकडे गेला ते कळावं, म्हणून तिने तोच नंबर लावला. तो आता एका टेम्पोवाल्याकडे होता.

“दादा, हा नंबर माझ्या मालकांचा होता. आत्ता कोड आलाय का?”

“बाई, कोड कोणाला सांगायचा नसतो.”

“पोरीच्या शाळेचा आहे हो. आज नाही भरलं तर तिचं वर्ष जाईल.”

त्याने कोड सांगितला, पण तोवर कोडची वेळ संपली आणि मी सगळं पुसून टाकलं. मला थांबताच येत नाही हो!

“रडू नका, ताई. गाडी बाजूला घेतो. परत भरा, मी आहे फोनवर.”

दुसऱ्यांदा जमलं. पुढे प्रवेशाचा निरोपही मी त्याच नंबरावर धाडला. टेम्पोवाल्याने लगेच फोन केला, “ताई, आपली पोरगी लागली शाळेला!”

मित्रांनो, उद्या तुम्ही अर्ज बनवाल, तेव्हा आधी अशा एखाद्या आईशेजारी बसून तो भरून बघा. अर्जाच्या त्याच शेवटच्या दिवशी संध्याकाळी एका आजोबांनीही वारलेल्या मुलाचा नंबर लावला होता. रिंग नुसती वाजत राहिली. त्यांचा नातू यंदा घरीच आहे.