पाठ फिरवण्याचा ठराव आणि मामाची मिशी

सलूनच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्धी दाढी होऊन बसलं होतं. उरलेल्या अर्ध्या गालावरचा फेस वाळून चुन्यासारखा झाला होता. पण मामाचं तिकडे लक्षच नव्हतं. मामा बाकड्यावरच्या मंडळींशी भांडत होता, आणि हातातला वस्तरा हवेत असा काही फिरत होता की बाकड्यावरच्यांनी गुपचूप पाय वर घेतले होते.

भांडणाचं कारण टॉवेलांशेजारी खुंटीला लटकत होतं. गावच्या फुटबॉल क्लबची नवी जर्सी. आजोबा-पणजोबांपासून क्लबचा रंग गडद लाल. ही फिकट निळी. आणि छातीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘गाढ झोप’.

क्लबच्या मालकाचा गाद्यांचा कारखाना होता. म्हणून सगळे त्याला गादीवाला म्हणायचे. क्लब घेतल्या घेतल्या त्याने जुनी बाकं उपटली, स्टँडच्या अगदी वर स्वतःला बसायला काचेची खोली बांधली, आणि आता हे.

“आपल्या गोलीच्या छातीवर ‘गाढ झोप’,” भोंगा म्हणाला. “समोरच्यांना चिडवायला काही ठेवलंच नाही याने.”

भोंगा म्हणजे वायरमन. स्टँडमध्ये घोषणा सुरू करायचं काम त्याचं, कारण त्याचा आवाज. तो हळू बोलला तरी शेजारच्या दुकानात ऐकू जायचं.

“आपण निवेदन देऊ,” मास्तर म्हणाले. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि सगळं रीतसर व्हावं असं त्यांना वाटायचं.

“मागचं निवेदन त्याने गादीत भरलं असेल, मास्तर,” मामा म्हणाला. “कुणीतरी झोपत असेल त्याच्यावर.”

“मी म्हणतो मॅचला जायचंच नाही,” प्लंबर म्हणाला. “स्टँड ओस पडू दे. बसू दे एकटाच काचेत.”

“तू? तू नाही जाणार?” भोंगा हसला. “स्वतःच्या लग्नातून उठून मॅचला आला होतास.”

“हाफटाइमला परत गेलो होतो ना.”

“मग उशा फेकू मैदानात,” भोंगा म्हणाला.

“आणि एवढ्या उशा घेणार कुणाकडून?” मास्तरांनी विचारलं. “त्याच्याकडूनच.”

यावर सगळे गप्प झाले. आणि सगळे गप्प झाले की मामाचं डोकं तापतं, ही जुनी गोष्ट. त्याला शांतता म्हणजे हरल्यासारखं वाटायचं.

“ऐका,” मामा म्हणाला. “रविवारी जायचं. सगळ्यांनी जायचं. शिट्टी वाजली की आख्ख्या स्टँडने मैदानाकडे पाठ फिरवायची. पहिला हाफ संपेपर्यंत. आवाज नाही, शिव्या नाही. गादीवाल्याला कळू दे, त्याचा खेळ आम्ही बघत नाही.”

“पूर्ण हाफ?” प्लंबरचा आवाज जरा बारीक झाला.

“पूर्ण. आणि ज्याने मैदानाकडे तोंड फिरवलं, त्याने दुसऱ्या दिवशी या खुर्चीत येऊन बसायचं. अर्धी मिशी काढणार मी त्याची. आणि ती तशीच वागवायची, पुढच्या मॅचपर्यंत.”

“आणि तूच वळलास तर?” भोंग्याने विचारलं.

मामाने आपल्या मिशीवर हात ठेवला. मिशी काय साधी नव्हती. दोन्ही टोकं वर वळलेली, तेल लावलेली, सलूनच्या पाटीवर नावाच्या जागी तीच रंगवलेली.

“तर माझी,” मामा म्हणाला.

सगळ्यांनी हात वर केले. खुर्चीतल्या गिऱ्हाइकानेही केला. संध्याकाळपर्यंत आख्ख्या स्टँडला निरोप गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाचा भाचा आला. अंगाने इतका बारीक की गल्लीतल्या पोरांनी लहानपणीच नाव ठेवलं काडी. क्लबच्या राखीव खेळाडूंत तो होता, पण आत्तापर्यंत त्याचं काम म्हणजे कडेला बसून पाण्याच्या बाटल्या राखणं.

तो खुर्चीत बसला. आरशातून मामाकडे बघत म्हणाला, “मामा, मान चांगली काढ. रविवारी मी पहिल्यापासून आहे.”

“काय पहिल्यापासून?”

“लेफ्ट बॅक. नेहमीच्याचा पाय मुरगळलाय. कोचने सकाळी सांगितलं.”

मामाने कात्री खाली ठेवली. मग उचलली. मग परत ठेवली. काडीचे वडील बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी यायचे, आले की झोपायचे. गल्लीतल्या मॅचला बाकीच्या पोरांचे बाप यायचे, काडीचा मामा यायचा, तोही गिऱ्हाईक खुर्चीत सोडून, खांद्यावर टॉवेल तसाच. या पोराला मोठ्या मैदानावर उतरताना बघायचं, एवढं एकच मामाने आयुष्यात ठरवलं होतं. बाकी सगळं त्याला रागाच्या भरात सुचायचं.

तसंच काल सुचलं होतं.

“आईने सांगितलं मला ठरावाचं,” काडी म्हणाला. “तिच्या बसमध्ये लोक बोलत होते.”

“हं.”

“कुणाच्या डोक्यातलं म्हणे?”

मामाने मानेवर पाणी फवारलं. गरजेपेक्षा बरंच जास्त.

“चांगलंय तसं,” काडी म्हणाला. “त्या गादीवाल्याला पाहिजेच. आम्हाला पण तो शर्ट घालायला लाज वाटते. मी काही म्हणत नाहीये.”

तो खरंच काही म्हणाला नाही. तेच वाईट. पोरगं चिडलं असतं तर मामाही चिडला असता आणि दोघांना बरं वाटलं असतं.

केस कापून झाले. मामाने सवयीप्रमाणे मान दाखवायचा छोटा आरसा काढला, लाल मुठीचा, आणि काडीच्या मागे धरला.

“मस्त,” काडी म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी मामाने बाकड्यावर विषय काढून बघितला. “मी काय म्हणतो, पुढच्या रविवारी केलं तर? जास्त तयारीने?”

“का रे?” भोंगा म्हणाला. “काल तर वस्तरा घेऊन नाचत होतास.”

“भाचा खेळतोय म्हणून,” प्लंबर म्हणाला. “मामा, माझी बायको म्हणते तसं सांगतो. बोलायच्या आधी पाणी पी.”

“मला ठराव पुढे ढकलायला हरकत नाही,” मास्तर म्हणाले, “पण मग निवेदनच बरं होतं.”

निवेदनाचं नाव काढल्यावर मामाचा पारा चढला. “ठरलं म्हणजे ठरलं. फिरवणार मी पाठ.”

सगळे गेल्यावर त्याने दुकान झाडलं, खुर्चीवर बसला, आणि समोरच्या लाल मुठीच्या आरशाकडे बराच वेळ बघत राहिला.

रविवारी दुपारी स्टँड गच्च भरला. हा स्टँड गोलच्या पाठीमागचा. त्याची एक जुनी रीत होती. उंचावरून सगळं मैदान दिसतं, त्यामुळे आपल्या बचावाच्या नजरेआडून समोरचा कुणी निसटायला लागला की मागून हाक जायची, ‘डावीकडे’ नाहीतर ‘उजवीकडे’. खेळाडू मान न वळवता पळायचे, एवढा भरवसा. म्हणून पहिल्या हाफला क्लब नेहमी याच बाजूचा गोल घ्यायचा.

शिट्टी वाजली. आख्खा स्टँड वळला.

आणि वळल्यावर लोकांना कळलं की आपण कुणाकडे बघतोय. वर काचेच्या खोलीत गादीवाला बसलेला, हातात गरम काहीतरी, तोंडाला लावायच्या बेतात. एवढी हजारो तोंडं एकदम आपल्याकडे. त्याने कप खाली ठेवला. मागे कुणी आहे का बघितलं. कुणी नव्हतं.

मामाच्या शेजारी त्याची बहीण, म्हणजे काडीची आई, एकटीच मैदानाकडे तोंड करून बसली होती. ड्युटीवरून थेट आलेली, बसच्या किल्ल्या हातात.

“ताई, वळ की,” मामा कुजबुजला.

“मी हात वर केला नव्हता,” ताई म्हणाली. “काय सुंदर धावतोय माझा मुलगा. तुला काय त्याचं.”

मामाने थोडा वेळ दम धरला. मग इकडेतिकडे बघत शर्टाच्या बाहीतून लाल मुठीचा आरसा काढला आणि तोंडासमोर धरला. त्यात मैदान आलं. छोटं, हलणारं, पण आलं. आणि त्यात निळ्या शर्टातली एक काडी.

मामाचा ऊर असा भरून आला की शेजारी काय चाललंय ते दिसायला वेळ लागला. शेजारी भोंग्याने स्कूटरचा आरसा दांडीसकट उपटून आणला होता. प्लंबरकडे नळाच्या मागचं बघायचा लांब दांड्याचा आरसा. मास्तर बायकोची पावडरची डबी उघडून त्यात इतक्या गंभीरपणे बघत होते की नाक रंगवतायत असं वाटावं. पुढच्या रांगेतही, त्याच्या पुढच्याही.

“तुम्ही पण, मास्तर?”

“ठराव पाठीचा होता,” मास्तर म्हणाले. “डोळ्यांचा नव्हता.”

सगळा स्टँड पाठ फिरवून मॅच बघत होता. वर गादीवाल्याला मात्र एवढंच दिसत होतं की हजारो माणसं चेहऱ्यापुढे काहीतरी धरून त्याच्याकडे रोखून बघतायत. त्याने पडदा ओढून घेतला. स्टँड खूष.

गप्प बसायचं ठरलं होतं, पण ते कुणाच्या बापाला जमणार. पहिलाच हल्ला आला आणि भोंगा ओरडला, “डावीकडे.” त्याच्यामागे शंभर जण. गोली डावीकडे झेपावला. चेंडू उजवीकडून आला आणि खांबाला लागून बाहेर गेला. गोलीने मागे वळून जे काही म्हटलं ते ताईने ऐकलं आणि कुणाला सांगितलं नाही.

“गोलीला झालंय काय?” भोंगा म्हणाला.

“झोपलाय. छातीवर लिहिलंय की,” प्लंबर म्हणाला.

काडीनेही मागे बघितलं. सगळीकडे पाठी, आणि पाठींच्या वर चकाकणारे आरसे. त्याची नजर लाल मुठीवर थांबली. आरशात मामाला वाटलं, पोरगं हसलं की काय.

हाफ संपत आला तेव्हा ते झालं. समोरच्यांनी लांब पास मारला. गोली पुढे येऊन फसला होता. मोकळ्या गोलसमोर काडी एकटा, आणि त्याच्या नजरेआडून एक धिप्पाड गडी सुसाट सुटलेला. मामाने आरशात बघितलं आणि जिवाच्या आकांताने ओरडला, “डावीकडे, काडी. डावीकडे.”

तोंडातून शब्द गेला आणि मामाचं मनगट वळवळलं. आयुष्यभर आरशात बघून वस्तरा चालवणारा माणूस. आरशातलं डावं म्हणजे काय हे त्याच्या मनगटाला पाठ होतं, तोंडाला नव्हतं. उलटं सांगितलं आपण. पोराला त्याच्या पहिल्याच मॅचमध्ये, आख्ख्या गावासमोर, आपण खड्ड्यात घातलं.

मिशीचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला. पण तोवर तो वळला होता.

“उजवीकडे,” मामा ओरडला. सरळ, मैदानाकडे तोंड करून, घसा फुटेपर्यंत.

काडी आधीच उजवीकडे होता. गवतावरून घसरत गेलेला, पाय लांब केलेला, आणि चेंडू त्या पायाला लागून जाहिरातीच्या फळीवर आदळला. ‘गाढ झोप’वरच.

तो उठला, गुडघ्यावरची माती झटकली आणि मागे बघितलं. पाठीच पाठी. त्यांत दोनच चेहरे. एक आईचा, एक मामाचा. काडीने हात जरासा वर केला, कुणाला दिसेल न दिसेल एवढा, आणि परत जागेवर पळाला.

मामा खाली बसला. त्याला हातातला आरसा दिसेना, मैदानही दिसेना.

“रड आता,” ताई म्हणाली. “मिशी आहे तोवर रडून घे. नंतर वाईट दिसशील.”

मॅच शून्य-शून्य सुटली. त्या क्लबच्या मानाने विजयच. गादीवाला दुसऱ्या हाफला आलाच नाही. सोमवारी सकाळी स्टेडियमच्या फाटकावर पाटी लागली, आत आरसे आणायला बंदी. जर्सी मात्र होती तीच.

सलूनमध्ये बाकडं भरलं होतं. मास्तरांनी मामाची बाजू घेऊन बघितली, घरातल्या माणसासाठी वळलेलं धरू नये वगैरे. पण मामा स्वतःच खुर्चीत जाऊन बसला आणि गळ्याभोवती कापड बांधून घेतलं.

“वस्तरा कोण धरणार?”

“मी,” काडी म्हणाला. तो दारातच उभा होता.

त्याने ब्रश घोळवला, मिशीवर फेस लावला. हात अगदी मामासारखा चालत होता.

“एक सांग,” मामा म्हणाला. “मी वळून ओरडलो ते तुला ऐकू आलं का?”

“आलं. पण मी आधीच निघालो होतो.”

“मी तर डावीकडे म्हणालो होतो.”

“तुझ्या हातात आरसा दिसला ना. या खुर्चीत वाढलोय मी, मामा. तू आरशात बघून बोललास की उलटं धरायचं, एवढं कळतं.”

बाकडं हसलं. मामा नाही हसला. “म्हणजे मी उगाच वळलो? मिशी फुकट गेली?”

काडी वस्तरा पट्ट्यावर घासत राहिला. दोनदा घासून झाल्यावर म्हणाला, “फुकट कशी. मला दिसलास ना तू.”

भोंग्याने तेवढ्यात छताच्या पंख्याकडे बघायला सुरुवात केली.

“बोल,” काडी म्हणाला. “डावी काढू की उजवी?”

मामाने समोरच्या आरशात दोन्ही बाजू बघितल्या. एक बघितली, मग दुसरी. “मला विचारू नकोस,” तो म्हणाला. “माझा भरवसा नाही.”

वस्तरा टेकला. फेसाबरोबर मिशीचं एक टोक कापडावर पडलं.

“आता आरसे बंद,” मागून प्लंबर म्हणाला. “पुढच्या रविवारी करायचं काय?”

मामा खुर्चीतून अर्धा उठलाच. “मी सांगतो काय करायचं. सगळ्यांनी मिळून...”

“मामा,” काडीने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. “बोलू नकोस. कापेल.”