आत्याची पाचपट उत्तरं

रविवारी सकाळी आत्या वही काखेत मारून आली आणि दारातूनच म्हणाली, "दादा बसायचा ती खुर्ची कुठली?"

मी दाखवली. बाबा गेल्यापासून दोन महिने तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. आत्या ऐसपैस बसली. खुर्ची कुरकुरली तर तिलाही म्हणाली, "गप गं."

आत्याने एकतीस वर्षं गोदीत क्रेन चालवली. निवृत्तीनंतर तिच्या मैत्रिणी गुडघ्यांकडे बघू लागल्या, हिने पदार्थविज्ञानाच्या पदवीसाठी विद्यापीठात बाहेरून नाव घातलं. यंदाचा पेपर सगळा दोर, कप्पी आणि वजनांचा. दर गृहपाठाची उत्तरं ती फोनवरून सांगायची आणि बाबा ती टाइप करून विद्यापीठाच्या साइटवर चढवायचे, कारण कॉम्प्युटरशी तिचं कधीच पटलं नाही. बाबा गेल्यावर तिने दोन गृहपाठ स्वतः चढवले. दोन्हींत शून्य. तिसराही गेला तर परीक्षेला बसू देणार नव्हते, आणि तिसऱ्याची मुदत आज दुपारी दोनची होती.

"मला यातलं काही कळत नाही," मी म्हणाले. मी पुस्तकांची मुद्रितं तपासते.

"कळायला कशाला हवं? चुका शोधायचा पगार घेतेस ना? मग शोध."

तेव्हा मला येतं ते केलं. दोन प्रती शेजारी ठेवल्या: एकीकडे आत्याची वही, दुसरीकडे बाबांनी चढवलेले जुने गृहपाठ. त्यासाठी बाबांचा कॉम्प्युटर उघडावा लागला. तो मी आजवर टाळत आले होते.

वहीत ६०, बाबांकडे १२. वहीत २४५, बाबांकडे ४९. वहीत ९०, बाबांकडे १८.

"आत्या, तू उत्तर पाचाने गुणतेस?"

"गुणणारच. शंभर किलो उचलायचं तर दोर पाचशेला पुरणारा लावायचा. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक पेटी पडलेली नाही."

"बाबा चढवताना परत पाचाने भागायचे."

आत्याने वही स्वतःकडे ओढली. "आणि मला बोलला नाही? मेला मूग गिळून बसला?"

शब्द तोंडातून गेल्यावर ती थबकली. मीही. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की शेवटी मला उठून पाणी आणावं लागलं.

"दोराच्या बाबतीत तुला काही सांगायची त्यांची छाती झाली नसेल," मी म्हणाले.

"मास्तर होता ना तो? भित्रा कुठला."

पहिलं गणित होतं कप्पीचं. दोराच्या एका टोकाला तीन किलो, दुसऱ्याला पाच. दोरातला ताण किती? आत्याने झरझर मांडलं, छत्तीस पूर्णांक पंचाहत्तर शतांश काढलं, आणि पेन हवेत धरून बसली.

"लिही ना."

"एवढ्याचाच दोर लावला, तर खाली उभ्या माणसाचं काय?"

"खाली कुणी नाही आत्या. प्रश्न मी तीनदा वाचलाय. दोन वजनं, एक कप्पी, एक दोर. माणूस कुठेच नाही."

तिने कागद ओढून घेतला आणि ओळीखाली बोट फिरवत स्वतः वाचला. मुद्रितं तपासताना मीही असंच वाचते.

"नाही खरं," ती म्हणाली, आणि पेन कागदावर टेकवलं.

दीड वाजेपर्यंत सातही गणितं झाली. मी टाइप करायला बसले, तर तिने मला खुर्चीवरून उठवलं. एका बोटाने, एकेक अंक मोठ्याने म्हणत तिने सगळं चढवलं. निकाल लगेच आला: सातात सहा.

"सातवं कुठे मेलं?"

"वजाबाकी चुकली."

"मग ठीक. वजाबाकी कुणाचीही चुकते." तिने वही मिटली. "पण परीक्षेत हात आपोआप गुणायला जाणार, आणि तिथे भागायला दादा नाही. सवय मोडायला हवी. सहा आठवडे आहेत, म्हणजे सहा रविवार. मोकळी आहेस ना?"

मी मोकळी नव्हते. दोन जाडजूड पुस्तकांची मुद्रितं टेबलावर पडली होती.

"सकाळी दहाला ये," मी म्हणाले.