वाचला असे समजू या

कालव्यात सोडलेलं पाणी शेवटच्या गावापर्यंत जाताजाता कमी का होतं, या प्रश्नात अख्ख्या नाशिक जिल्ह्यात मला एकट्यालाच रस होता. वरच्या साहेबांचं उत्तर तयार होतं, शेतकरी चोरतात. शेतकऱ्यांचंही तयार होतं, साहेबलोक मुरवतात. चोर ठरला की प्रश्न मिटला, असा दोन्हीकडचा कारभार. मी कालवा खात्यातला इंजिनियर. निफाडच्या बाजूला, नांदूरच्या बंधाऱ्यापासून कोसभरावरच्या सरकारी बंगल्यात राहायचो आणि रोज सकाळी मोजपट्टी घेऊन कालव्याच्या काठानं हिंडायचो. पाणी कुणी चोरत नव्हतं. ते तळातून झिरपत होतं, काळ्या मातीत थोडं आणि मुरमाच्या पट्ट्यात भरमसाट. हे मला कितीतरी वर्षं ठाऊक होतं. सांगायला माणूस नव्हता.

लग्न झालं होतं. तिसऱ्या वर्षी विषमज्वरानं बायको गेली. मूलबाळ नाही. पुढं दुसरं स्थळ बघायचं बोलणं निघालं की मी तोंड वाकडं करायचो, म्हणून नातेवाइकांनीही नाद सोडला. बंगल्यावर स्वयंपाकाला कुसाबाई यायची, कालव्याच्या जुन्या पहारेकऱ्याची विधवा. तिचं माझं बोलणं म्हणजे 'मीठ कमी पडलं' आणि 'कांदे आणा' एवढंच. मी तिरसट आहे असं लोक म्हणत. खोटं नव्हतं ते. पण माणसाला बोलायला कुणी नसलं की त्याला तिरसट व्हायलाही फार सवड मिळते.

छत्तीस साली इंजिनियर मंडळींच्या एका परिषदेचं वार्षिक अधिवेशन नाशकात भरणार असल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. निबंध मागवले होते. मी दिवाळीपूर्वी निबंध पाठवला आणि तो स्वीकारल्याचं कळलं, तेव्हा बंगल्याच्या ओसरीत एकटाच मोठ्यानं 'वा!' म्हणालो. झाडावरचे कावळे तेवढे उडाले.

मला बक्षीस नको होतं, बढती नको होती. मला एक प्रश्न हवा होता. कुणीतरी उभं राहावं आणि विचारावं, 'मिस्टर कोठावदे, मुरमाच्या पट्ट्यात तुम्ही मोजमाप कसं घेतलंत?' बस्स. त्यावर काय उत्तर द्यायचं तेही मी पाठ केलं होतं.

मग तालीम सुरू झाली. संध्याकाळी दिवेलागणीला मी निबंध हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहायचो आणि इंग्रजीत घडाघडा वाचायचो. आत कुसाबाई चुलीपाशी. आकड्यांच्या तक्त्यानंतर मी थांबून पाणी प्यायचो आणि निष्कर्षाला आलो की आवाज चढवायचो. पहिल्या दिवशी ती घाबरून बाहेर आली.

"कुनावर चिडले काय साहेब?"

"कुणावर नाही. नाशकाला सभेत हे वाचायचंय."

"मंग वाचा," म्हणाली आणि परत चुलीपाशी गेली.

पुढं पुढं तिनं त्याचा उपयोग करून घेतला. माझा आवाज चढला की ती भात उतरवायची. वर म्हणायचीही, "तुमचं विंग्रजी लय कामाचं हाय, भात कसा मोकळा व्हतो." मला राग यायचा. एवढा मुरमाचा अभ्यास, आणि त्याचं फळ काय, तर मोकळा भात!

अधिवेशनाच्या महिनाभर आधी सगळ्या निबंधांचं छापील पुस्तक टपालानं आलं. छापखान्यातून आलेल्या अशा पुस्तकांची पानं तेव्हा कडेला जोडलेलीच असायची. वाचायचं तर चाकूनं एकेक जोड कापावी लागे. माझा निबंध मधोमध होता. मी चाकू घेतला, माझी पानं तेवढी सोडवली, आपलं नाव छापलेलं कसं दिसतं ते चारदा पाहिलं आणि छपाईच्या चुका शोधत बसलो. एकच सापडली. तिचंही मला कौतुक वाटलं.

डिसेंबरात नाशिकच्या भद्रकालीतल्या शिंप्यानं शिवलेला काळा कोट घालून मी छकड्यानं निफाडला, गाडीनं नाशिकरोडला आणि टांग्यानं गावात पोचलो. एका शाळेच्या सभागृहात सभा होती. गोदावरीवरून गार वारा येत होता, खिडक्या मात्र उघड्याच, कारण अध्यक्षसाहेबांना मोकळी हवा आवडे. पुण्यामुंबईची मंडळी आली होती. ती एकमेकांना नावानं हाका मारत होती, पाठीवर थापा देत होती, जुन्या कॉलेजातल्या मास्तरांच्या नकला करत होती. मी कोटाची बटणं पुन्हा पुन्हा तपासली. कुणाशी बोलावं ते कळेना, म्हणून भिंतीवरचा हिंदुस्थानचा नकाशा बारकाईनं पाहत राहिलो.

शेजारच्या खुर्चीवर एक वयस्कर गृहस्थ येऊन बसले. करडी दाढी, तपकिरी शेरवानी, मांडीवर तेच पुस्तक. मी माझं नाव सांगितलं.

"सलाउद्दीन मोमीन," ते म्हणाले. "मालेगावचा. पुलांच्या कामावर होतो, आता पेन्शन घेतली. जुन्या कमानींना तडे का जातात, त्यावर निबंध आहे. आपल्यानंतर लगेच माझा नंबर. पहिल्यांदाच आलो बघा, साहेब."

"मीही पहिल्यांदाच," मी म्हणालो. त्यांच्या हातातही लिहिलेले कागद होते आणि कागदाच्या कडा घामानं मऊ पडल्या होत्या. तालीम फक्त मीच केली नव्हती तर.

पहिले काही निबंध मोठ्या मंडळींचे होते. अध्यक्ष नाव घेत, आणि लगेच कुणीतरी उठून बोलू लागे. लेखक काही वाचताना दिसले नाहीत. मला वाटलं, मोठ्या माणसांची मोठी चाल, ओळखीपाळखीत वाचन वगळत असतील. माझं नाव आलं. मी उभा राहिलो, कागद सरळ केले, घसा खाकरला.

"मिस्टर कोठावदे यांचा निबंध छापून वाटलेला आहे," अध्यक्ष इंग्रजीत म्हणाले. "आपल्या प्रथेप्रमाणे तो वाचला असे समजू या. चर्चा?"

मी तसाच उभा. ही प्रथा मला कुणी सांगितलीच नव्हती. परिषदेत निबंध वाचतच नाहीत, तो घरी वाचून यायचा असतो आणि इथं फक्त प्रश्न! एका क्षणात मी सावरलो. प्रश्नच तर हवा होता मला. मी सभागृहाकडं पाहिलं.

कुणी उठलं नाही. मागच्या रांगेत एकजण शिंकला. खिडकीपाशी दोघं काहीतरी कुजबुजून हसले, ते माझ्याबद्दल नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. अध्यक्षांनी चष्म्यावरून इकडंतिकडं पाहिलं.

"कुणी नाही? ठीक. लेखकाचे आभार. पुढचा निबंध."

मी खाली बसलो. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पुढच्या रांगेतल्या मांड्यांवरची पुस्तकं मला दिसत होती. माझी पानं जोडलेली. एकाची, दुसऱ्याची, तिसऱ्याची, सगळ्यांची जोडलेली! एका सद्गृहस्थानं तर माझ्या मुरमाच्या तक्त्यावर चिवड्याचा पुडा ठेवला होता. वाचला असे समजू या म्हणे! चाकू तरी लावायचा होता रे, लेको!

"मिस्टर मोमीन यांचा निबंध," अध्यक्ष म्हणाले. "वाचला असे समजू या. चर्चा?"

सलाउद्दीन मोमीन उठले. आता त्यांना रीत कळली होती. कागद त्यांनी खुर्चीवर ठेवले आणि हात मागं बांधून उभे राहिले. पुन्हा तीच शांतता. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं. थोड्या वेळापूर्वी मी स्वतःच त्या नजरेनं सगळ्या सभागृहाकडं पाहिलं होतं. एक प्रश्न. कसलाही, वेड्यासारखाही चालेल.

मी उठायला गेलो. विचारणार काय? माझ्या मांडीवर पुस्तक उघडं पडलं होतं. माझी पानं सुटी, आणि लगेच पुढची, त्यांची, कडेला घट्ट जोडलेली. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून त्या पानांवर गेली. मी पुस्तक मिटलं, पण उशीर झाला होता.

"कुणी नाही? आभार."

ते बसले. त्यांचं पुस्तक खुर्चीच्या कडेवरून घसरून माझ्या पायाशी पडलं. मी उचललं. त्यातही फक्त त्यांचीच पानं कापलेली होती. मी ते त्यांच्या हातात दिलं. दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही.

चहाच्या वेळी आम्ही एका खांबाशी उभे राहिलो. मंडळी घोळक्याघोळक्यानं हसत होती. आमच्या दोघांच्या पोटात सांगण्यासारखं काठोकाठ भरलेलं, आणि बोललो काय, तर यंदा थंडी जास्त आहे. मालेगावला तर फारच, ते म्हणाले. मग त्यांनी 'खुदा हाफिज' केलं आणि शेरवानीच्या खिशात हात घालून एकटेच टांग्यांच्या अड्ड्याकडं निघून गेले. हाक मारावी असं मला फार वाटलं. मारली नाही. हाक मारून सांगणार काय होतो?

दुसऱ्या दिवशी बंगल्यावर पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. कुसाबाई चुलीपाशी होती.

"झालं का वाचून?"

"झालं."

"काय म्हनले मंग लोक?"

"लय विचारलं," मी म्हणालो. "उत्तरं देतादेता दमलो."

ती इतकी खूष झाली की मला तिच्याकडं बघवेना. मी खोलीत गेलो, कोट खुंटीला टांगला आणि चाकू शोधला. पुस्तक काढून सलाउद्दीन मोमीनांची पानं एकेक करून सोडवली. वाचायला बसलो, पण मन लागेना. ओळीवरून नजर नुसती घसरत होती. तेव्हा सवयीनं उठलो, स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो आणि मोठ्यानं वाचू लागलो.

निबंध चांगला होता. खरंच चांगला होता. चुना नीट भिजलेला नसला की कमान पहिल्या पावसाळ्यात नाही, दहाव्या पावसाळ्यात दगा देते, असं त्या माणसानं पुलाखाली उभं राहून, डोळ्यांनी पाहून लिहिलं होतं. दुसऱ्याच पानावर मला विचारण्यासारखा प्रश्न सुचला, तिसऱ्यावर आणखी एक. काल हे प्रश्न हवे होते. मी न थांबता, आवाज न चढवता, शेवटापर्यंत वाचत गेलो.

मधेच करपल्याचा वास आला. कुसाबाईनं घाईघाईनं भांडं उतरवलं आणि झाकण काढून नाक मुरडलं. भात खाली चांगलाच लागला होता.

"ह्ये तुमचं नाय," ती म्हणाली.

"काय?"

"ह्ये वाचताय त्ये. तुमचं असतं तर भात लागला नसता. तुमी आकडं झाले की पानी पिता, मंग जोरात बोलता. ह्याच्यात तसं कायच नाय आलं. मी आपली वाट बघत बसले."

मी दाराच्या चौकटीला टेकलो. माझ्या निबंधातला एक शब्दही तिला कळत नव्हता. पण एवढ्या सगळ्या माणसांत तो वाचला असं जिच्याबाबतीत म्हणता येईल, अशी ती एकटीच होती. माझे डोळे भरून आले आणि मी चुलीच्या धुराला नावं ठेवली.

"मंग कुनाचं हाय?" तिनं विचारलं.

"मालेगावच्या एका साहेबांचं. वयस्कर आहेत."

"त्यांचं कोन ऐकतं?"

ते मी विचारलं नव्हतं. घरी कोण आहे, कुणासमोर त्यांनी तालीम केली, कागदाच्या त्या कडा इतक्या मऊ कशा झाल्या, काहीच विचारलं नव्हतं. थंडीबद्दल बोललो होतो.

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

तिनं करपलेलं भांडं बाजूला सारलं आणि दुसरे तांदूळ धुवायला घेतले. "मंग वाचा पुन्यांदा, पयल्यापासून," ती म्हणाली. "ह्याचा भात कुठं उतरवायचा त्ये कळाया पायजे."

मी पुन्हा पहिलं पान काढलं आणि सुरुवातीपासून वाचू लागलो.