म्हसोबाचा पास

आमचं म्हातारं तीन आखाड कोंबड्याबिगर ऱ्हायलं. माळ घातली न्हवती, नवस बोललं न्हवतं, डाक्टरनं बी काय बंद केलं न्हवतं. नुसता हट्ट. गेणबा म्हणून हाक मारा, ते ओ देईल, पण हट्ट सोड म्हणा, ऐकू येणार न्हाई.

माण गावातलं आमचं शेत कंपनीत गेलं. शेताच्या बांधावर आमचा म्हसोबा. जमीन घ्यायला आलेला सायेब म्हणला, देव जागचा हलणार न्हाई, तुमी खुशाल येत जावा. देव ऱ्हायला, आमचं येणं तेवढं बंद झालं. मधी भिंत उठली, भिंतीला फाटक, फाटकाला वॉचमन, आन् वॉचमन पास मागतुया.

आमच्यात रीत हाय. आखाडात म्हसोबाला दहीभाताचा निवद आन् नारळ घरच्या हातानं जायचा, मंगच घरात कोंबडं शिजायचं. पहिल्या वर्सी आमच्या पोरानं, माऊलीनं, ताट वॉचमनच्या हातात दिलं आन् घरी येऊन सांगितलं, पोचलं. म्हाताऱ्यानं कोंबडं चापून खाल्लं. चार दिसांनी वॉचमन रस्त्यात गाठ पडला आन् म्हणला, आजोबा, दहीभात झकास व्हता, मीठ वाईच कमी पडलं.

झालं. म्हातारं घरी येऊन बोललं, "आता निवद देवाम्होरं ठेवलेला माझ्या डोळ्यांनी बघीन, तवाच कोंबड्याला हात लावीन." आन् त्याच वर्सी गोठ्यात घसरून खुब्याचं हाड मोडून बसलं. खाटेवरनं परसापत्तूर, एवढंच त्येचं चालणं. मंग डोळ्यांनी बघणार कसं, ह्ये त्येला बी ठाव न्हाई, म्हसोबाला बी न्हाई. आम्हाला खा म्हणायचं आन् सोता पिठलं ओरपायचं. त्येच्यासमोर कोंबडं आमच्या घशाखाली उतरंल व्हय? म्हंजी सगळ्या घराचाच आखाड बुडाला. मला त्येचा राग लई यायचा आन् कीव बी. दात चार ऱ्हायलेत. असंच चाललं, तर उद्या देव पावला तरी चावायचं कशानं?

वरच्या खोलीत उत्कर्षा भाड्यानं ऱ्हाती. परभणीकडली पोर, त्याच कंपनीत कामाला. कंपनी तिला जर्मनीला धाडणार म्हणून ती त्यांची भाषा शिकत व्हती. दर शनवारी तिच्या लॅपटॉपवर जर्मनीचा सांस्कृतिक कार्यक्रम. म्या म्हणलं, नाचगाणं असंल. कशाचं काय. एक बाई बोलती, बाकीची ऐकत्यात. कधी त्यांची जुनी चित्रं, कधी त्यांच्या लढाया, कधी पाव कसा भाजायचा ते. गेल्या वर्सी, म्हंजी दोन हजार नवाच्या आखाडात, तिच्या खोलीतलं नेट गेलं, खाली तेवढं पकडत व्हतं, म्हणून ती आमच्या पडवीत येऊन बसली.

आमच्या पडवीत कार्यक्रम म्हणल्यावर म्या सतरंजी हातरली आन् लुगडं बदललं. पडद्यावर एक गोरी बाई, केस पांढरे, नाव हेल्गा. आता, गोरं माणूस माणात दिसतंय ते कंपनीच्या गाडीतच. म्या वळखलं, ही मालकीण.

घरी आलेल्या बाईला कुकवाबिगर कसं धाडायचं? म्या उत्कर्षाला म्हणलं, "इचार तिला, सवाशीण हाय का."

उत्कर्षानं लई आढेवेढे घेतले, पण इचारलं. मंग मला म्हणाली, "मावशी, नवरा आहे म्हणतात. पण दुसऱ्या गावात राहतो, दुसऱ्या बाईबरोबर."

"चालतंय," म्या म्हणलं. आन् पडद्यावर तिच्या कपाळाला कुकवाचं बोट टेकवलं. हेल्गाबाई काय हलली न्हाई. उत्कर्षा फडकं आणायला उठली, म्या तिला खाली बसवलं.

मंग बाईनं तिची कथा सांगितली आन् उत्कर्षानं मला ती मराठीत दिली. बाईच्या गावाखाली कोळसा निघाला. कंपनीनं गाव उचललं, पार मेलेल्यांची हाडं सुदीक नव्या गावात नेली. देवळाची घंटा नेली. जुन्या गावाच्या जागी आता खड्डा हाय, ह्या टोकापासनं त्या टोकाचं माणूस दिसत न्हाई येवढा. वर्सातनं एकदा गावाच्या जत्रंच्या दिवशी कंपनी फाटक उघडती, मंग लोकं डोक्यावर टोप्या घालून खड्ड्याच्या कडंला उभी ऱ्हात्यात. हेल्गाबाई म्हणली, मी दर वर्षी आमच्या घराचं दार कुठं होतं ते हवेत शोधते, आणि दर वर्षी दुसरीकडंच बोट दाखवते.

म्या म्हणलं, "फाटक उघडतंय?"

"हो. एक दिवस."

मंग म्या कशाला गप बसतीया. म्या हात जोडले आन् सगळं सांगितलं. म्हसोबा, भिंत, वॉचमनचा दहीभात, म्हाताऱ्याचा खुबा, चार दात. म्हणलं, "बाई, तुमी मालकीण हायसा. तितं उघडताव, तर हितलं बी उघडा."

उत्कर्षाचं तोंड पडलं. "मावशी, त्या मालकीण नाहीत. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. आता रिटायर झाल्यात."

मला कुणी तोंडावर पाणी मारल्यावानी झालं. शाळंतल्या बाईम्होरं म्या पदर पसरला व्हता. पण त्या बाईला उत्कर्षानं सगळं सांगितलंच. बाईच्या कपाळावर माझं कुकू तसंच. मंग म्हणली, पुढच्या शनिवारी मी बोलणार नाही. पुढच्या शनिवारी आम्हाला तुमचा देव दाखवा.

सोमवारी उत्कर्षानं हापिसात लिवून धाडलं, आवारातनं जर्मन सांस्कृतिक कार्यक्रम जगभर दाखवायचा हाय, परवानगी असावी. तीन वर्सं म्या फाटकावर घसा कोरडा केला. जर्मनी म्हणल्याबरुबर दुपारच्याला उत्तर आलं. परवानगी हाय, फकस्त उदबत्ती नको, आन् खुर्च्या किती लागतील?

शनवारी उत्कर्षानं हापिसातला लॅपटॉप आत घेतला आन् आपला घरी ठेवला. माऊलीनं तो म्हाताऱ्याच्या खाटेवर उशीला टेकवून लावला. फाटकावर त्योच वॉचमन. त्येनं माझ्या गळ्यात पट्टा घातला, त्येला कागद लटकलेला.

"ह्येच्यावर काय लिवलंय?" म्या इचारलं.

"पाहुणे," उत्कर्षा म्हणाली.

ज्या मातीत माझी उभी हयात खुरपण्यात गेली, तितं म्या पाव्हणी. म्या हातातलं निवदाचं ताट सावरलं आन् आत गेले.

म्हसोबा गावला. हिरवळीच्या कडंला व्हता. माळ्यानं त्येला नुसता धोंडा समजून काळापिवळा पट्टा मारलेला, रस्त्याच्या कडंला मारत्यात तसा. म्या पदरानं पुसलं, निघंना. मंग त्याच्यावरच शेंदूर थापला. नारळ फोडला, निवद ठेवला. उत्कर्षानं लॅपटॉप देवाम्होरं धरला. तिकडं हेल्गाबाई खुर्चीवरनं उठून उभी ऱ्हायली. तिच्या लोकांत उभं ऱ्हात असत्याल.

म्या म्हणलं, "अवो, बघताय न्हवं?"

पडद्याच्या कोपऱ्यात म्हातारं दिसत व्हतं. डोळं बारीक करून बघत व्हतं. म्हणलं, "बघितलं. पोचला निवद." आन् मंग म्हणलं, "पोरी, ते वाईच उजवीकडं फिरीव. हिर दिसंना."

उत्कर्षानं फिरवलं. नुसत्या गाड्या लावलेल्या.

"आणखी."

आणखी गाड्या. हिरीच्या काठचा आंबा न्हाई, मोटंचं पाणी पडायचं ते थारोळं न्हाई. सोळाव्या वर्सी त्येनं बापाबरुबर ती हिर खणलेली. पोर फिरवत ऱ्हायली, म्हातारं "आणखी" म्हणत ऱ्हायलं, आन् फिरून फिरून म्होरं म्हसोबाच आला.

हेल्गाबाईनं इचारलं, आजोबा काय शोधतायत? उत्कर्षानं सांगितलं. बाईनं त्येंच्या भाषंत म्हाताऱ्याला चार शब्द म्हणलं. उत्कर्षाला ते मराठीत आणता येईनात, आन् म्हाताऱ्यानं बी इचारलं न्हाई, नुसती मान हलवली.

निघताना म्या गळ्यातला पट्टा काढला आन् म्हसोबाच्या गळ्यात घातला.

फाटकावर वॉचमन म्हणला, "आजी, पास जमा करा."

"आत हाय. देवाला दिला."

"त्याला कशाला?"

"म्या आता घरी चालले. त्येला तितंच ऱ्हायचंय. उद्या तू त्येला बी इचारशील."

वॉचमननं वहीत काय लिवलं, देव जाणं.

सांच्याला कोंबडं शिजवलं. मऊ व्हस्तोवर चुलीवर ठेवलं. म्हातारं तुकडा ह्या गालातनं त्या गालात फिरवत बसलं. कितीतरी येळानं म्हणलं, "हिर बुजवली त्येंनी."

"व्हय."

"मला वाटायचं, असंल अजून."

"डोळ्यांनी बघायचं म्हणत व्हता."

"व्हय," म्हातारं म्हणलं. "आन् देवाला पास लागतुया."

"लागतुया."

त्येनं वाटी म्होरं केली. म्या रस्सा वाढला.