दगाचं वाढलेलं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा, सुरतेतल्या लिंबायतच्या एका दवाखान्यातला. नवा होतो तेव्हा मला रोज पुसायचे. आता पुसत कोणी नाही, चढतात मात्र सगळे, तेही चपलांसकट. असो, माझं रडगाणं राहू द्या. दगाचं ऐका.

दगा खानदेशातला, कापड विणायचे लूम चालवायचा. त्याला टीबी झाला. वजन भरलं बेचाळीस. रक्तात साखरही वाढलेली निघाली. इथल्या नर्स नूतनताईंनी बजावलं, की साखर ताब्यात नसेल तर टीबीचं औषध नीट लागू पडत नाही, दोन्ही गोळ्या चुकवू नका. दगाने मान डोलावली. घरी जाऊन मात्र साखरेची गोळी बंद केली. इतक्या गोळ्या पोटात भांडतात, असं शेजाऱ्याने सांगितलं होतं ना! वर, अंगावर मांस धरावं म्हणून बायको उषाबाई त्याला रोज गुळाचा शिरा खाऊ घालायची. मायाच ती, तिला काय बोलणार?

महिन्याने मी त्रेचाळीस दाखवले, पुढच्या महिन्यात चव्वेचाळीस. औषध लागू पडतंय म्हणून नूतनताई खूश झाल्या आणि साखर पुन्हा तपासायची राहूनच गेली. मीही मूर्खासारखा फुगलो.

मग थुंकीचा अहवाल आला. जंतू होते तसेच होते. ताईंनी दगाला पुन्हा माझ्यावर उभं केलं आणि त्याची कंबर चाचपली. सूत गुंडाळलेल्या बीमचा ताण राखायला लूमला लोखंडी वजनं टांगतात. तसली दोन-दोन किलोची दोन वजनं त्याने शर्टाखाली बांधली होती. ती काढली आणि मी चाळिसावर आलो. लाज वाटली हो मला.

"ताई, वजन वाढनं तरच शेठ कामवर ठेवी," दगा खाली बघत म्हणाला.

साखर चारशेच्या वर निघाली. त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. अकराव्या दिवशी तो गेला.

मित्रांनो, घरात कोणाला टीबी झाला तर साखरही तपासा, आणि दोन्ही औषधं चालू ठेवा. एकट्या माझ्या आकड्यावर विसंबू नका. मला फसवणं फार सोपं आहे.

काल उषाबाई आली. टीबी तिलाही लागला का, ते बघायचं होतं. तिने चपला काढल्या, कमरेची पिशवी सोडून टेबलावर ठेवली.

"शिरा मीच खाऊ घातला ना, ताई," ती म्हणाली.

नूतनताईंनी तिच्या नावाचं कार्ड काढलं. मग उषाबाईने दोन्ही रिकामे हात उघडून त्यांना दाखवले आणि ती माझ्यावर चढली. मी अडतीस दाखवले.