रातांब्यांच्या दिवसांतला सिनेमा

"दिवे गेले," असं सुमनवहिनी म्हणायच्या, आणि वैशाखातल्या टळटळीत दुपारी आमच्या मागीलदारी खरोखरच अंधारून आल्यासारखं वाटायचं. फणसाच्या सावलीत गोणपाटं अंथरलेली असत, मधोमध रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या पिकल्या फळांची, लालभडक रास, भोवती आळीतल्या बायका, आणि हवेत पिकलेल्या गराचा तो आंबटगोड, दातांच्या मुळापर्यंत पोचणारा वास. फणसाच्या पानांतून एक कवडसा निसटून वहिनींच्या मनगटावर पडे. त्यात धूळ नाचे. वहिनी हातातलं फळ सुरीने मधोमध चिरत, गर एका पातेल्यात, साल दुसऱ्या टोपलीत टाकत, आणि म्हणत, "पडदा उघडला."

वहिनींचे यजमान टॉकीजच्या दरवाज्यावर तिकिटं फाडायचे. कोल्हापूरहून एसटीच्या टपावरून रिळांचे पत्र्याचे डबे यायचे, ते उतरवून घ्यायलाही तेच जायचे. मुंबईत सिनेमा लागून जुना झाला, की मग तो घाट उतरून आमच्या गावात यायचा, ओरखडे पडलेला, मध्येच गाणं तुटलेला. दर शुक्रवारी तीनच्या खेळाला वहिनी बायकांच्या बाजूला मागच्या खुर्चीवर जाऊन बसत, आणि शनिवारी दुपारी तो सिनेमा आमच्या मागीलदारी येई. आळीतल्या बायकांना मे महिन्यात मान वर करायला सवड नसे. आमसुलं, फणसाचे गरे, आंब्याची साठं, मुंबईहून आलेले पाहुणे. काहींच्या घरून जायला परवानगीही नसे. त्यांच्यासाठी सिनेमा ही डोळ्यांनी पाहायची गोष्ट नव्हतीच. ती हात लाल करत कानांनी ऐकायची गोष्ट होती.

पडद्यावर कुठल्याही मुलखातला जमीनदार असो, वहिनींच्या तोंडून तो खोत होऊन येई. हवेलीचं घर होई, आणि त्या घराला पडवी फुटे. नायिका हिंदीत रडलेली असली तरी आमच्याकडे ती "अगो आई गो" म्हणून रडे. प्रेमगीतांची वहिनींना फारशी कदर नव्हती. "इथे गाणं आहे, बागेतलं. आपण ते सोडू," असं म्हणून त्या पुढे जात, आणि मारामारी आली की, "आता बराच वेळ ठोसाठोशी आहे, तेवढ्यात ते दुसरं टोपलं ओढा बघू इकडे."

"गाणं सोडलंत ते सोडलंत," हसीनाभाभी म्हणायच्या, "पण हिरो दिसायला कसा ते तरी सांगा." हसीनाभाभी आळीच्या टोकाला राहत. त्यांचे यजमान कुवेतला होते.

"दिसायला बरा आहे. अक्कल बेताची."

सगळ्या हसत. पण जिथे थांबायचं तिथे वहिनी थांबत. लग्नाच्या मांडवात पांढऱ्या लुगड्यातली आई खांबाआड उभी राहिली, की त्यांची सुरी थबके. वरपक्षाने स्कूटरचा विषय काढला, की त्या पाण्याचा घोट घेत. त्या मौनात बायका आपापल्या घरातलं काही ना काही ठेवून देत. डोळे भरून आले तरी लाल हातांनी पुसता येत नसत. त्या खांद्यावर गाल घासत, आणि मग सगळ्यांच्याच ब्लाउजांच्या खांद्यांवर ओले डाग दिसत. गावच्या उत्सवातल्या संगीत नाटकातही दारुडा नवरा असे, पण तिथे तो इतका सुरेल गाई की बायको रडायची थांबून ऐकत राही. वहिनींच्या सिनेमात दारुड्याला गाणं मिळत नसे.

मी मागच्या दाराच्या पायरीवर बसलेली असे, मांडीवर इंग्रजी कादंबरी उघडी ठेवून. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. चार माणसांत मराठी बोलताना माझी जीभ अडखळे, आणि ती अडखळली की कुणीतरी "काय मडम" म्हणून हसे, म्हणून मी बोलतच नसे. कादंबरीत पाऊलवाटा होत्या, चहाची वेळ होती, बऱ्याच पानांच्या गैरसमजानंतर लग्न होतं. पानं मी उलटत असे, पण कान वहिनींकडे असत. त्यांचा आवाज किंचित फाटलेला होता, वापरून वापरून ओरखडे पडलेल्या रिळासारखा, आणि म्हणूनच त्यावर माझा विश्वास बसे.

आमसुलं एका दिवसात होत नाहीत. साली उन्हात वाळवायच्या, मग मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. याला पुट देणं म्हणतात. जितकी पुटं, तितका रंग गडद. एकच सिनेमा वहिनी दोनदा, तीनदा सांगत, आणि दर वेळी तोही जरा गडद होई. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. रातांबा झाडावर असतो तसा बरणीत कुठे राहतो?

त्या वर्षी राशीभोवती नंदाताईही होती. शेजारच्या सरूकाकूंची ही थोरली मुलगी. देवरुखजवळच्या एका गावात दिलेली. नवऱ्याची मुंबईतली गिरणी बंद पडली, तो गावी परतला, आणि त्या घरातला सगळा राग हळूहळू नंदाताईच्या अंगावर उतरू लागला. शिमग्यानंतर एका सकाळी ती एकटीच एसटीतून उतरली. हातात पिशवीसुद्धा नव्हती. तेव्हापासून ती दिवसभर आमच्या मागीलदारी असे, कारण पुढीलदारी बसलं की रस्त्यावरून जाणारं प्रत्येक माणूस थांबून विचारी, "काय, माहेरपणाला का?"

सासरहून निरोप आला होता: मिरगाच्या आधी न्यायला येतो. सरूकाकूंनी होकार कळवून टाकला होता. त्या वाईट नव्हत्या. नंदाताईच्या पाठच्या दोन मुली लग्नाच्या होत्या, आणि त्यांनी आयुष्यभर ऐकलेल्या गोष्टींत सासू शेवटी सुधारत असे. "चार दिवस सोसायचं, मग होतं सगळं सरळ," असं त्या नंदाताईला सांगत आणि दाखल्याला एखादा सिनेमा देत, वहिनींनीच सांगितलेला. ते ऐकताना वहिनी खाली मान घालून फळं चिरत राहत. एकदा मात्र, हात धुताना, कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण गेली होती परत. मंडणगडाकडे दिली होती. वाजतगाजत नेलीनी तिला. पुढची दिवाळी नाही दिसली तिला." मग त्यांनी पाण्याचा तांब्या उपडा करून ठेवला, आणि त्याच्या तळाशी लाल बोटं उमटलेली राहिली.

आणि त्याच आठवड्यात टॉकीजला तो सिनेमा लागला. सून, सासू, छळ, आणि शेवटी उंबरठा. तो मी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला आत्याबरोबर पाहिला होता. शेवट मला पाठ होता: नायिका परत जाते, आजारी सासू पलंगावरून उठून दार उघडते, दोघी गळ्यात पडतात, आणि थिएटरमधल्या बायका नाकं पुसत चपला शोधू लागतात.

शनिवारी दिवे गेले. पडदा उघडला. वहिनींनी तो सिनेमा असा सांगितला की हसीनाभाभींनीसुद्धा हिरोची चौकशी केली नाही. उन्हं कलली, कवडसा वहिनींच्या मनगटावरून खांद्यावर गेला आणि तिथून भिंतीच्या जांभ्या चिऱ्यावर सरकला. नायिका सासरच्या दारात पोचली.

"दार उघडतं. सासू समोर उभी. हातात ताट, ताटात निरांजन. म्हणते, ये गो, घर तुझंच आहे." वहिनींची सुरी थांबली. "ती बघते. सासूकडे नाही, आत. चुलीकडे बघते. तिला बांधून ठेवत त्या खांबाकडे बघते. एक पाय उचलते उंबरठ्यावर ठेवायला…"

नंदाताईच्या हातातला रातांबा अर्धा चिरलेला होता आणि रस कोपरापर्यंत ओघळत होता.

"…आणि मागे फिरते. तशीच चालत जाते. बांधावरून."

"आणि मग?" सरूकाकूंनी विचारलं.

"मग दिवे लागले."

"असा कुठे शेवट असतो?" सरूकाकूंचा आवाज चढला. "कायतरीच! सासू ताट घेऊन उभी, आणि ही बया चालली? जाते कुठे?"

"ते नाही दाखवलंनी."

सरूकाकूंची नजर सगळ्यांवरून फिरत माझ्यापाशी येऊन थांबली. "तू गो शुभा, तू पुण्याला पाहिलास ना हा? तुझी आत्या सांगत होती. असाच आहे शेवट?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आर्जव नव्हतं, धाकही नव्हता. डब्यातलं शेवटचं रीळ दुसऱ्याच्या हाती देताना माणूस पाहील, तसं त्यांनी पाहिलं. मग मी नंदाताईकडे पाहिलं. ती कुणाकडेच बघत नव्हती.

"हो," मी म्हणाले.

एवढंच. पण त्या मागीलदारी मी मोठ्याने उच्चारलेला तो बहुधा पहिलाच शब्द असावा, तरी कुणी हसलं नाही, आणि सरूकाकू पदर झटकून उठल्या त्या थेट घरी गेल्या.

सासरची माणसं ठरल्याप्रमाणे आली. सरूकाकूंच्या पडवीत सतरंजी घातली होती. चहा झाला, पोहे झाले, आंबा कापला गेला. सरूकाकू आमच्या मागीलदारी येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "चल, हात धू. साडी काढून ठेवलीय."

नंदाताई राशीपुढे बसून होती. "रातांबे अजून संपले नाहीत," ती म्हणाली.

"अगो, मी संपवीन ते. ऊठ."

"नाही आई. रातांबे संपले नाहीत." आणि तिने पुढचं फळ उचललं.

वहिनी तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनीही एक फळ उचललं. मग हसीनाभाभी बसल्या, मग माझी आई, आणि कादंबरी पायरीवर ठेवून मीही. कुणी सिनेमा सांगत नव्हतं. फक्त सुऱ्यांचा ओला आवाज येत होता. सरूकाकू बराच वेळ दारात उभ्या राहिल्या. मग पडवीत जाऊन त्यांनी काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. कुंपणाच्या बेड्याचं आडवं लाकूड वाजलं, रस्त्यावर पावलं उतरली. रास संपली तेव्हा संध्याकाळ झाली होती. माझ्या नखांतला लाल रंग कॉलेज सुरू झालं तरी गेला नाही, आणि मी तो घासूनही काढला नाही.

पुढच्या वर्षी गावात टेलिव्हिजन दिसू लागला. आळीतला पहिला संच अर्थातच कुवेतहून आला. रविवारी संध्याकाळी हसीनाभाभींच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नसे. अशाच एका रविवारी तोच सिनेमा लागला. नावं सुरू झाली तशी मी दाराजवळ सरकले. वहिनी कोपऱ्यातल्या स्टुलावर होत्या, हात मांडीत, रिकामे. त्यांना सिनेमा बघताना मी प्रथमच पाहत होते. पडद्यावरच्या माणसांचे ओठ हलत आणि थोड्या अंतराने वहिनींचेही.

उंबरठा आला. दार उघडलं. निरांजन नव्हतं, ताट नव्हतं. नायिकेने पाय उचलला, आत टाकला, आणि वाकली. सासूने तिला उराशी धरलं. सनई वाजू लागली.

सगळी खोली वहिनींकडे वळली.

"वहिनी," हसीनाभाभी म्हणाल्या, "हे काय हो?"

"आमच्या थेटरात रीळ वेगळं आलं होतं," वहिनी शांतपणे म्हणाल्या.

"आणि पुण्याला?"

मी माझ्या नखांकडे बघू लागले.

"पुण्याचंच रीळ पुढे इकडे आलं असेल," वहिनीच म्हणाल्या.

आधी हसीनाभाभींना हसू फुटलं, मग माझ्या आईला, मग सगळ्यांनाच. नंदाताई तर तोंडावर पदर धरून वाकली. आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीतून ती नुकतीच आलेली, आणि रस तिच्या बोटांवर पिवळा वाळलेला होता. सरूकाकू मात्र हसल्या नाहीत. पडद्यावर सून अजून सासूच्या कुशीत होती. तिच्याकडे त्या रोखून बघत राहिल्या.

"गेली आत," त्या म्हणाल्या. "अक्कल नाही हिला." आणि गुडघ्यांवर हात टेकून उठत, "चल गो नंदा. उद्या पहिली पाळी आहे ना तुझी?"

त्यानंतर मागीलदारचे सिनेमे थांबले. कुणी ठरवून थांबवले नाहीत. रविवारी सगळ्यांनी एकच सिनेमा पाहिल्यावर सोमवारी सांगायचं काय? टॉकीजवर गर्दी रोडावली, यजमान थकले, आणि एका उन्हाळ्याच्या आधी वहिनी मुलाकडे मुंबईला गेल्या. जाताना आमच्या आईला आमसुलांची एक बरणी देऊन गेल्या. ती आम्ही पुरवून पुरवून वापरली.

आता मीही गावाबाहेर असते. इथे मी मराठी बोलते तेव्हा लोक विचारतात, हे हेल कुठले? मला ते सांगता येत नाही. तो सिनेमा मी दोनदा पाहिला आहे, एकदा पुण्याला आणि एकदा हसीनाभाभींकडे, आणि तरी सासूचा चेहरा मला आठवत नाही, सनई आठवत नाही. उन्हाळ्यात बाजारात कुठे रातांबे दिसले की मी क्षणभर थांबते. वहिनी नाहीत, ती आळी आता दुपारी दारं लावून घेते, काळाने आपल्या रसात बुडवून एकेक दुपार गडद करत नेली आहे. पण दिवे जातात, पडदा उघडतो, आणि कुठल्याही कॅमेऱ्याने न टिपलेली ती मुलगी उंबरठ्यावरचा पाय मागे घेऊन बांधावरून चालत राहते, आणि तिचे हात कोपरापर्यंत लाल असतात.